पांघरूण आणि पायडल : परभणीच्या थंडीत सायकलवर काय घालत आलो

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, थंडीत सायकलवर काय घालायचं, हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला? प्रश्न रास्त आहे. तह, लढाया आणि वतनं यांच्या शेजारी कानटोपी ठेवली तर ती केविलवाणीच दिसणार. पण कपडा हा कागदाइतकाच पुरावा असतो. आणि आमच्या परभणी जिल्ह्यापुरतं बोलायचं, तर गेल्या शंभर वर्षांत साध्या माणसाच्या अंगावरचा हिवाळी कपडा ज्या एका वस्तूने सगळ्यात जास्त बदलला ती सायकल, असं आमचं म्हणणं आहे. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी थंडीबद्दल, कारण बाहेरगावच्या श्रोत्यांना ती खरी वाटत नाही. परभणी म्हटलं की लोकांना मे महिन्यातलं ४४-४५ अंशांचं ऊन आठवतं, नाहीतर 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आठवते. पण इथला डिसेंबर बघा. समुद्र लांब, जमीन काळी आणि उघडी, आभाळ स्वच्छ, हवा कोरडी. दिवसभर साठलेली ऊब रात्री सरळ आभाळात निघून जाते, आणि उत्तरेकडचं वारं सुटलं की पारा घसरतो. २०१८च्या डिसेंबरअखेर तो ३ अंशांच्या आसपास उतरला होता. ज्या आकड्यामुळे परभणी पेपरात पहिल्या पानावर येते तो बहुतेक वेळा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं आणि वेधशाळा शेतांच्या मोकळ्या रानात आहे. गावातला पारा त्याच पहाटे दोन-तीन अंशांनी जास्त दाखवतो. त्यावरून दरवर्षी वाद होतात, खरा आकडा कोणता म्हणून. दोन्ही खरेच आहेत. मात्र ज्याला पहाटे पाचला दुधाचे कॅन लावून गावाबाहेरच्या रस्त्याने यायचंय, त्याचा आकडा रानातलाच.

खरं तर त्याचा आकडा त्याहूनही कमी असतो. १९४१च्या सुमारास अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यावर टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं. वाऱ्याने थंडी किती वाढते याचा हिशेब तिथून सुरू झाला. आज जे सूत्र वापरतात त्याप्रमाणे हवा ५ अंशांची असेल आणि ताशी १५ किलोमीटरचा वारा तोंडावर येत असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी २ अंशांची वाटते. आता ताशी १५ किलोमीटर हा साध्या सायकलचाच वेग. म्हणजे आजूबाजूला पान हलत नसलं तरी सायकलवाला आपला वारा आपणच तयार करतो. त्यात वसमत रस्त्याने राहाटीच्या पुलावर, पूर्णेच्या पात्राजवळ आलं की आणखी गार हवेचा झोत लागतो, कारण थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराला जाऊन साचते. ज्यांनी तो रस्ता पहाटे सायकलने केलाय त्यांना हे शास्त्र सांगावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. सायकल येण्यापूर्वी आपल्या भागात थंडीचा कपडा 'घालायचा' नसे, तो 'पांघरायचा' असे. शब्दच बघा: घोंगडी, वाकळ, गोधडी, चादर, शाल, रग, उपरणं. सगळ्या लांब-रुंद सपाट वस्तू. अंगावर घ्यायच्या, काढून अंथरायच्या, त्यातच भाकरी किंवा कणसं बांधायची. शिवलेलं म्हणावं तर बंडी, पैरण, बाराबंदी, आणि लहान मुलाची कुंची. बाकी सगळं पांघरूण. यात आमचे पूर्वज मागासलेले होते असं मुळीच नाही. ज्वारी राखायला माळ्यावर बसलेल्याला, शेकोटीशी टेकलेल्याला, बैलगाडीत धुरेवर बसलेल्याला पांघरूणच योग्य. तो हलत नाही, हलला तर सावकाश. घोंगडीसारखी वस्तू तर आम्हाला आजही अजब वाटते. दख्खनी मेंढीची राठ लोकर, धनगरांनी कातरलेली, सणगरांनी विणलेली, वर चिंचोक्याची खळ. खळीने ती ताठ होते, आणि तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊससुद्धा बराच वेळ आत येत नाही.

पण हीच घोंगडी घेऊन सायकलवर बसून बघा. आम्ही बसलो आहोत, म्हणून सांगतो. पहिल्या पन्नास पायडलांत ती खांद्यावरून घसरते. एक हात ती धरण्यात जातो. वारा समोरून शिरून तिचं शीड करतो. आणि मागचं टोक चाकाच्या आऱ्यांत कधी जाईल ते सांगता येत नाही. पांघरूण पाठीला ऊब देतं, सायकलवाल्याला गरज असते छातीला. पांघरूण माणसाला एक गाठोडं समजतं, आणि सायकल त्याच माणसाचे तुकडे पाडते. छाती गोठते, पाठीला घाम येतो, बोटं बधिर होतात, मांड्या तापतात, गुडघे कुरकुरतात, कान दुखतात. प्रत्येक तुकड्याला वेगळं उत्तर पाहिजे. आमच्याकडच्या हिवाळी कपड्यांचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही उत्तरं एकेक करून सापडण्याचा इतिहास आहे.

सायकल आली ती निजामाच्या राज्यात. आजच्या घडणीची सायकल, म्हणजे दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, १८८५ साली इंग्लंडात जॉन स्टार्लीने आणली. हवा भरायची रबरी धाव डनलॉपने १८८८ साली. रॅले, बीएसए, हर्क्युलिस, हंबर या विलायती सायकली पुढे मुंबई-हैदराबादमार्गे रेल्वेने इकडे उतरल्या. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला होता आणि परभणी, मानवत रोड, सेलू, पूर्णा ही स्टेशनं त्याच्यावर होती. सुरुवातीला सायकल शिक्षक, वकील, कचेरीतले कारकून आणि रेल्वेचे लोक यांची.

या पांढरपेशांच्या अंगावर हैदराबादी रिवाजाने शेरवानी असे. मराठी माणसाच्याही. शेरवानीची थोडी चेष्टा होते, पण सायकलवरचा थंडीचा कपडा म्हणून ती आमच्या मते उत्तम होती. गळ्यापर्यंत बटणं, छातीवर दुहेरी कापड, आत अस्तर. वारा शिरायला फट नाही. अडचण फक्त घोळाची. तो मांडीखाली दाबून बसावं लागे, नाहीतर साखळीचं वंगण लागलंच. धोतरवाल्याचं दुखणं वेगळं होतं. काष्टा घट्ट मारला तरी उजव्या पायाचं सोगं साखळीत जायचंच. पूर्ण झाकलेली साखळीची पेटी असलेली सायकल आपल्याकडे एवढी का चालली याचं एक कारण धोतर आणि पायजमा हे असावं. ज्यांच्या सायकलला पेटी नव्हती त्यांनी जुन्या ट्यूबचं रबर कापून पायजम्याच्या घोट्याला अडकवलं. ते वंगणापासून वाचायला होतं. फायदा असा झाला की पायजम्यातून वर चढणारं वारं थांबलं, आणि मग लोक थंडीत दोन्ही पायांना रबर लावायला लागले. असे शोध कोणाच्या नावावर नोंदले जात नाहीत.

आता लोकरीकडे येऊ. परभणी हा कापसाचा जिल्हा. सेलू, मानवत, परभणीच्या बाजारपेठा कापसावर उभ्या राहिल्या. म्हणून अंगात सूत असणं स्वाभाविकच. पण सायकल आणि सूत यांचं थंडीत जमत नाही. सायकलवर घाम येतो, सूत तो पिऊन घेतं आणि धरून ठेवतं, आणि ओलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं. जिंतूरकडचा चढ चढताना बनियन भिजतं आणि उतारावर तेच बनियन बर्फ होतं. लोकरीचं उलट असतं. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही. गंमत अशी की हे जगाला ओरडून सांगणारा माणूस जर्मनच होता. म्हणजे आमची म्हण इथेही खरी. स्टुटगार्टचे गुस्ताव येगर, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. १८८०च्या दशकात त्यांनी असा पंथच काढला की माणसाने अंगाला फक्त लोकर लावावी. त्यांचे बाकीचे युक्तिवाद विक्षिप्त होते, पण इंग्लंडातल्या सायकलवाल्यांना ही गोष्ट पटली. १८७८ साली निघालेल्या तिथल्या सायकल-प्रवाशांच्या क्लबचा गणवेश लोकरीचाच होता.

आपल्याकडे लोकर होती, पण ती घोंगडीची. टोचणारी. ती अंगाला लावून पायडल मारता येत नाही. मऊ लोकर आली लुधियान्याहून, आणि इथे एक योगायोग आहे. १८३३च्या दुष्काळानंतर काश्मीरचे शालविणकर पंजाबात उतरले, त्यातून लुधियान्याला विणकामाचं गाव म्हणून नाव झालं. फाळणीनंतर त्याच गावात सायकलीचे सुटे भाग करणारे जमले. १९५६ साली हिरोचा कारखाना तिथेच सुरू झाला. म्हणजे १९६० नंतर परभणीचा माणूस ज्या सायकलवर बसला ती आणि त्याच्या अंगातला स्वेटर ज्या लोकरीचा, ती लोकर, पुष्कळदा एकाच गावाहून आलेली असे. ओसवाल, वर्धमान ही लोकरीची नावं आमच्या पिढीतल्या प्रत्येक घरात माहीत होती. दहा नंबरच्या सुया, अकरा नंबरच्या सुया, दोन उलट दोन सुलट. दुपारी ओसरीवर बायका विणत बसत. पुढे थंडीच्या तोंडावर तिबेटी लोक गावोगाव स्वेटरची पालं लावायला लागले. १९५९ नंतर भारतात आलेल्या निर्वासितांची ही मंडळी. त्यांचा मालही मुख्यतः लुधियान्याचाच. परभणीचे लोक त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणत, अजूनही म्हणतात. निदान इतिहासाच्या व्याख्यानात ती चूक दुरुस्त करून घेऊ.

माकडटोपीचं सांगायचं राहिलं. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिक बालाक्लाव्हा या ठिकाणी गारठले. डोकं, कान, मान एकदम झाकणाऱ्या विणलेल्या टोपीला इंग्रजीत आजही त्या गावाचंच नाव आहे. पुढे बटणं असलेल्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात, ते याच लढाईत घोडदळ घेऊन तोफांवर धावून गेलेल्या लॉर्ड कार्डिगनवरून. आणि रॅग्लन बाही, म्हणजे खांद्याची शिवण नसलेली, ती तिथल्या सेनापतीच्या नावाची. लढाईत इंग्रजांची दाणादाण उडाली, आणि शिल्लक राहिले तीन कपडे. सायकलवाल्यासाठी तिन्ही कामाचे. रॅग्लन बाहीत हँडलकडे हात लांबवताना खांदा आवळत नाही, हे शिंप्यांना विचारा.

आता ज्यांना स्वेटर परवडत नव्हता त्यांच्याकडे येऊ. आमच्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. पेपर टाकणारी मुलं शर्टाच्या आत, छातीवर, वर्तमानपत्राची दुमडलेली घडी घालत. कागदातून वारा जात नाही, आणि घड्यांच्या मध्ये हवा अडकते. युरोपातले शर्यतवाले आल्प्सच्या घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत खुपसत आणि मग उताराला लागत, ती अगदी हीच युक्ती. फ्रान्सची मोठी शर्यत मुळी १९०३ साली एका वर्तमानपत्रानेच खप वाढवायला काढली होती! पण आमच्या पोरांना ते कुठून माहीत असणार. त्यांच्या हातात पेपर होता, छातीत वारं घुसत होतं, त्यांनी दोन्हीची गाठ घातली. परत आल्यावर तोच अंक सरळ करून शेवटच्या घरात टाकायचा. गिऱ्हाइकाला कोमट पेपर मिळे.

दूधवाले बारदान वापरत. गोणपाटाचा तुकडा छातीवर बांधायचा, वर मफलर, मफलरची टोकं शर्टात खोचलेली. हातमोजे विकत मिळत नसत आणि मिळाले तरी जाड असत, ब्रेक सापडत नसे. मग पायातले जुने मोजे हातात. अंगठ्याला भोक. बोटांची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९८० साली बेल्जियममधल्या लिएज-बॅस्टोन-लिएज या शर्यतीत बर्फ पडला. निघालेल्या १७४ जणांपैकी २१ पोचले. फ्रान्सचा बर्नार्ड इनो जिंकला, पण दोन बोटांची संवेदना त्याला पुरती कधीच परत मिळाली नाही. परभणीत बर्फ पडत नाही, मान्य. पण दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना, गार लोखंडी हँडल, आणि रोजची सकाळ. शर्यत एका दिवसाची असते.

इथे आमची एक आठवण सांगतो. आम्ही गावाहून पाच किलोमीटरवरच्या हायस्कुलात सायकलने जायचो. शाळा सकाळची. उरलेल्या लोकरीचा आईने विणलेला हाफ स्वेटर अंगात होता, अर्धा चॉकलेटी, अर्धा हिरवा. शाळेत नियम निळ्याचा. प्रार्थनेच्या वेळी रंगीत स्वेटरवाल्यांना ते काढून हातात धरायला लावलं गेलं. शाळेचं नाव घेत नाही, तेव्हा पुष्कळ ठिकाणी हेच चाले. गंमत म्हणजे प्रार्थनेच्या मैदानावर एवढी थंडी वाजत नसे, ऊन आलेलं असे. वाजायची रस्त्यावर. पण त्या दिवसानंतर आमच्या वर्गातली काही मुलं रस्त्यावरही स्वेटर घालेनात, कारण काढून धरायची लाज. त्यांनी शर्टात पेपर घातला. पेपर बाहेरून दिसत नाही.

ही गोष्ट जुनी झाली असं वाटेल, म्हणून आजचंही बघू. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना २०११-१२च्या सुमारापासून सायकली मिळाल्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. मराठवाड्याच्या रस्त्यावर मुलींच्या सायकलींची रांग दिसायला लागली, ही या शतकातली मोठी घटना आहे, आणि तिच्यावर कोणीतरी सविस्तर लिहायला हवं. पण पाच किलोमीटर म्हणजे वीस ते पंचवीस मिनिटं, डिसेंबरात, वाऱ्याच्या तोंडावर. सरकारी शाळांत आठवीपर्यंत गणवेशाचे दोन संच मोफत मिळतात, २०२३ पासून बूट-मोजेही आले. स्वेटर यादीत नाही. २०२४च्या फेब्रुवारीत शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तो लहान मुलांच्या झोपेचा विचार करून. सायकलवरच्या मोठ्या मुली त्यात बसत नाहीत. मग त्या काय करतात? ओढणी घेतात. डोकं, कान, नाक गुंडाळून मागे गाठ. उन्हाळ्यात हीच ओढणी उन्हाला, हिवाळ्यात थंडीला. टोकं मात्र आत खोचायची, कारण आऱ्यांत गेलेल्या ओढणीने जीवावरचे अपघात होतात. सलवारीखाली लेगिंग, हातात भावाचे मोजे. म्हणजे शंभर वर्षं फिरून आपण पुन्हा पांघरुणाशीच आलो, फक्त आता ते गाठ मारून घट्ट केलेलं आहे.

बाकीचा पैशाचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९८०-९०च्या दशकांत रेक्झिनची आणि नायलॉनची जर्किनं आली. वारा थांबला, घाम आत कोंडला. नंतर प्लॅस्टिकच्या धाग्याची फ्लीस आली, थर्मल आलं. आता परभणीतही पहाटे हेल्मेट, चष्मा आणि झगझगीत जाकिटं घालून व्यायामाला निघणारे डॉक्टर-प्राध्यापक दिसतात. चांगलंच आहे. त्यांच्या शेजारून कॅन लावलेला दूधवाला जातो, आता बहुतेक मोटारसायकलवर. त्याचा वेग वाढला, म्हणजे त्याचा वारा वाढला. छातीवर त्याने काय घातलंय ते कधी थांबवून विचारा. आम्ही विचारलं होतं. तांदळाची प्लॅस्टिकची पिशवी, उभी फाडून.

वेळ होत आला, दोन प्रश्न आलेत ते घेतो. पहिला, 'सर, मग नेमकं घालायचं काय?' अंगालगत सूत नको. सूतच असेल तर पिशवीत एक कोरडं बनियन ठेवा आणि पोचल्यावर बदला. वर लोकर किंवा फ्लीस. त्याच्यावर, फक्त पुढच्या बाजूला, वारा न शिरणारं काहीतरी. विंडचीटर नसेल तर पेपर आजही चालतो. कान झाका, बोटं झाका, गुडघे उघडे ठेवू नका. आणि घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटलं तर तिसऱ्या किलोमीटरला घाम येणार आणि पाचव्याला हुडहुडी.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या आजींचा आहे, की तो दोन रंगांचा हाफ स्वेटर अजून आहे का. आहे. मुद्दाम आणलाय, टेबलावर ठेवला आहे. जाताना बघून जा, हात लावून बघा. आम्हाला कित्येक वर्षं कळलं नव्हतं की तो पाठीवर एवढा पातळ का. लोकर कमी पडली असेल असं वाटायचं. आईने पुढची बाजू दुहेरी विणली आहे.